‘येते’ म्हणू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेल दोनदा वाचला. ड्रेसिंग करून निघताना ती आजी दर वेळी ‘परत कधी?’ विचारते, तू ‘लवकरच’ म्हणतेस, आणि नर्सिंगची प्लेसमेंट संपायला अकरा दिवस उरलेत. झोप लागत नाही म्हणालीस. बरं आहे, लागू नये.

बाकी तुझं काम नीट चाललंय, त्यावर मी शाई घालवत नाही. एवढंच सांगते: ‘येते’ म्हणू नकोस.

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, उंबऱ्यातून ‘जाते’ म्हणू नये. मीही तेच तोंडात घेऊन कॅनडाच्या उत्तरेला नुनावुतला नर्स म्हणून गेले, हडसन उपसागराच्या काठी, चार महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. दर गुरुवारी एका आजोबांच्या पायाची जखम बांधायची. मधुमेह. सलाइनची बाटली गोठू नये म्हणून पार्कामध्ये, म्हणजे जाड थंडीच्या कोटात, पोटाशी धरून न्यायची. घरात नळाला टाकीचं पाणी, टाकी भरणार ट्रक, म्हणून हातसुद्धा हिशोबानं धुवायचे. आजोबा बोलत नसत. तिथे भुवया उंचावल्या की ‘हो’, नाक आक्रसलं की ‘नाही’. मला कळायला आठवडा गेला. मी तोच प्रश्न पुन्हा विचारायची आणि ते बिचारे कधीचे ‘हो’ म्हणून बसलेले!

शेवटच्या गुरुवारी मी सवयीनं इंग्रजीत ‘येते’ म्हणाले. त्यांनी भुवया उंचावल्या.

पुढे तिथल्या होमकेअरच्या बाईनं फोनवर सांगितलं, आजोबा गुरुवारी खिडकीशी बसतात, नव्या नर्सला पट्टी सोडू देत नाहीत. दोन आठवडे हेच. मग विमानानं दक्षिणेत विनिपेगच्या इस्पितळात नेलं, दोन बोटं काढावी लागली.

माझ्यामुळे नाही. पायाचा रक्तपुरवठा आधीच गेलेला होता, कोणाही सर्जनला विचार. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. मिरजेला आई अंथरुणाला खिळलेली. मी काय करायला हवं होतं? हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोलले आहे की आता पाठ झालंय.

आणि ‘एका शब्दाचं काय एवढं’ असं मला लिहू नकोस, चिडेन. 1950च्या दशकात ‘सी. डी. हाउ’ नावाचं जहाज त्या किनाऱ्यांवर यायचं. जहाजावरच एक्स-रे, क्षय निघाला तर माणूस तिथूनच दक्षिणेच्या इस्पितळात. घरी निरोप घ्यायलाही उतरू देत नसत. 1956मध्ये दर सात इनुइटांमागे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांमागे, एक जण असा दूर पडलेला होता. कितीतरी परतले नाहीत, कुठे पुरलं हेही घरच्यांना सांगितलं नाही. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी नुनावुतच्या राजधानीत, इकालुइतला, माफी मागितली ती 2019मध्ये. आजोबांची आईही त्याच जहाजानं गेली होती. हे मला त्यांच्या लेकीनं सांगितलं, तेही नंतर. मी चार महिने जखमेची लांबी-रुंदी मोजत होते, घरात कोण कोण नाही हे विचारलंच नाही.

म्हणून सांगते, ‘येते’ नाही. ‘लवकरच’ही नाही, तो त्याचाच चुलतभाऊ. उद्याच्या भेटीत खुर्ची ओढ, दुभाष्याला बरोबर घे आणि तारीख सांग. अमुक बुधवारी मी शेवटची येणार, नंतर दुसरी नर्स. ती रडेल, रागावेल किंवा नुसती चहा ओतेल. तू मध्ये बोलू नकोस. तुला बोलायची घाई असते, मला माहीत आहे; माझीच सवय.

तिच्या भिंतीवर कॅलेंडर असेल तर त्यावर तिच्यासमोर खूण कर. आणि हँडओव्हरमध्ये, पुढच्या नर्ससाठीच्या नोंदीत, जखमेच्या मापांशेजारी लिही: पट्टी सोडण्याआधी हिला कोणती खुर्ची आवडते, चहात साखर किती, नातवाचं काय चाललंय. ते वाचून दाखव तिला. काही चुकलं असेल तर ती नाक आक्रसेल.

बुधवारनंतर मला फोन कर. रात्री उशिरा चालेल, मी जागीच असते.

तुझी,
मावशी