आजोबांच्या राणीछाप रुपयावरची रेघ: तडा नाण्याला की ठशाला?

तुमच्या 1862 च्या रुपयावर काठापासून राणीच्या मुकुटापर्यंत बारीक रेघ आहे, आणि सराफ 'तडकलंय, चांदीच्या भावात देऊन टाका' म्हणतो. थांबा, देऊ नका!

आधी रेघेवरून नख फिरवा. नख अडकून आत गेलं तर तो ओरखडा किंवा चीर. रेघ केसासारखी वर आलेली लागली तर नाणं धडधाकट आहे, तडा ठशाला, म्हणजे नाणं पाडायच्या साच्याला, गेला होता. पोलादी ठसा हजारो घाव सोसून तडकतो, दाबाखाली चांदी त्या फटीत शिरते आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. आणखी एक खूण, फरशीवर हलकेच वाजवून बघा. चिरलेला रुपया बद्द वाजतो, तुमचा खणखणीत वाजेल.

1862 हे साल पुढे दहा-बारा वर्षं तसंच छापत राहिले, त्यामुळे या रुपयाला किती ठसे लागले असतील विचार करा. माझ्याकडे याच सालाचे दोन आहेत, दोन्ही इथल्या जुन्या बाजारात वेगवेगळ्या रविवारी मिळालेले. एकावर रेघ मुकुटाआधीच थांबते. दुसऱ्यावर तीच रेघ, त्याच जागेवरून निघून, थेट केसांत उतरते. एकाच ठशाची दोन नाणी, आणि आधी कुठलं पाडलं हेही कळतं! भिंग घेऊन त्या दोघांपुढे बसलो की माझी संध्याकाळ कशी सरते कळत नाही.

किमतीचं म्हणाल तर साध्या रेघेने भाव फारसा हलत नाही. आधी झीज बघतात, मग गळ्यात घालायला कडी लावल्याचा डाग. ठशाचा तुकडाच उडून काठावर चांदीचा गोळा उमटला असेल तर मात्र शौकीन जास्त मोजतात. पेशव्यांच्या काळातल्या अंकुशी रुपयाची गोष्ट वेगळी. तो हाताने घाव घालून पाडलेला, त्याच्या काठाला खरीच चीर असते आणि तीही आम्ही चालवून घेतो.

वजन करून घ्या, 11.66 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. चिंच, राख, पितांबरी काहीही लावू नका, घासलेल्या रुपयाची रयाच जाते. आणि तुमची रेघ नेमकी कुठे थांबते ते कळवा, माझ्या दोघांशी ताडून पाहायचंय.