मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातला तिसरा श्लोक, आणि लगेच पुढचा चौथा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि चहा कपातच निवला. दिराने चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) फॅमिली ग्रुपवर "न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति", म्हणजे बाई स्वातंत्र्याला पात्र नाही, असं टाकलं, बारावीतल्या मुलीने विचारलं "मम्मी, आपला धर्म खरंच असं म्हणतो?", आणि आता तुम्ही दिराला उत्तर म्हणून "यत्र नार्यस्तु पूज्यन्ते" (जिथे बायकांची पूजा होते तिथे देव रमतात) टाकू का असं विचारताय. नका टाकू. निदान माझं वाचून होईपर्यंत तरी थांबा, कारण २००९ च्या चवथीला मी अगदी हेच उत्तर दिलं होतं.

दोन्ही श्लोक मनुस्मृतीतले, म्हणजे मनूच्या नावावरच्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातले, याहून जास्त सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला ठाऊक असणारच. मी वकील नाही, संस्कृत पंडित तर नाहीच, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेली बाई आहे, त्यामुळे चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

आमचं मूळ घर फोंड्याकडे. बाबा आदल्या वर्षी गेलेले. चवथीला सगळे जमलेले, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधलेली, आरती आटोपून पानं मांडलेली, आणि थोरल्या काकांनी विषय काढला की ते कागदाचं एकदा उरकून टाकूया. कागद म्हणजे आई आणि आम्ही दोघी बहिणींनी घर आणि कुळागरातल्या (नारळी-पोफळीच्या बागेतल्या) बाबांच्या हिश्श्यावर हक्कसोड द्यायची. आई म्हणाली थोडा विचार करते. तर काका हसून म्हणाले, वहिनी, विचार कसला, आणि तोच श्लोक, पूर्ण, चालीत. पिता रक्षति कौमारे, भर्ता रक्षति यौवने, म्हणजे लहानपणी बाप राखतो, तरुणपणी नवरा. सगळे हसले. मला राहवलं नाही, मी मोठ्याने यत्र नार्यस्तु म्हटलं, वाटलं जिंकले.

काका म्हणाले, बरोबर आहे, आता पुढचे म्हण.

मला पुढचे येत नव्हते. एकच श्लोक पाठ, तोही शाळेच्या भिंतीवर रंगवलेला. काकांना येत होते. तिसऱ्या अध्यायात ५६ वा आहे तुमचा यत्र नार्यस्तु, आणि तीनच श्लोक पुढे, ५९ मध्ये, पूजा म्हणजे काय ते सांगितलंय: भूषणाच्छादनाशनैः, म्हणजे दागिने, कपडे, जेवण, तेही सणासमारंभात. काकांनी बोटं मोजली. लग्नात सोनं घातलं, पहिल्या चवथीला वजें (लेकीच्या सासरी द्यायची भेट) पाठवलं, आज पानात पातोळ्यो आहेत, मग पूजा झाली की नाही? परत सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि ते तिचं हसू मी अजून विसरले नाही. पंधरा दिवसांनी तिने सही केली. आम्हीही केली, आईने केली म्हणून.

त्या श्लोकाचा घोळ असा आहे की तो बोलतोच बाप, भाऊ, नवरा आणि दीर यांच्याशी. ५५ व्यात ही यादी चक्क दिलेली आहे, स्वतःचं कल्याण हवं असेल तर घरच्या बायकांना मान द्या म्हणून. बाई तिथे घेणारी. देणारा कधी हात आखडता घेईल ते त्याच्या मर्जीवर. तुमच्या दिराला जरा वाचन असेल तर तो हेच म्हणेल, आणि समोर तुमची मुलगी असेल.

आता जे मला आई गेल्यावर सापडलं ते सांगते. त्याच तिसऱ्या अध्यायात, यत्र नार्यस्तुच्या फक्त चार श्लोक मागे, ५२ वा: जे नातेवाईक बाईच्या धनावर जगतात ते पापी, अधोगतीला जातात. आठव्या अध्यायात २८ आणि २९: विधवा, निपुत्रिक, आजारी बायकांचं धन राजाने राखावं, आणि त्या जिवंत असताना ते लाटणाऱ्या नातेवाइकांना चोराची शिक्षा करावी. चोराची! आणि काकांचा तो नववा अध्याय, तिसरा श्लोक, त्याच्या लगेच पुढचा चौथा: बाप गेल्यावर जो मुलगा आईचं रक्षण करत नाही तो निंद्य. म्हणजे "रक्षति" हे नुसतं बाईला बांधणं नाही, पुरुषाच्या गळ्यातही घातलेलं आहे. एक श्लोक पुढे वाचला असता तर त्या दिवशी पंगतीत मला बोलता आलं असतं. माझी सगळ्यात महाग पडलेली चूक तीच, सुटा श्लोक उचलला. काकांनी पण सुटाच उचलला होता, पण त्यांना आजूबाजूचे माहीत होते आणि मला नव्हते.

(इथे थोडा राग काढते, नको असेल तर पुढच्या पॅराला जा. सहीआधी मी एका सरकारी कार्यालयात गेले होते, नाव घेत नाही. एवढंच विचारलं, आईचा हक्क नेमका किती? टेबलावरच्या माणसाने मान वर केली नाही. "घरांतूच मिटयात गे बाये, लग्नांत दिलां मगे तुमकां." झालं. खरं तर आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळचा नागरी कायदा आहे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक, निम्मी बायकोचीच, आणि नवऱ्याच्या निम्म्यात मुलगा-मुलगी सारखे वारस. म्हणजे बाबांच्या हिश्श्यातलं अर्धं आईचं आधीच होतं. हे सांगायला त्या माणसाला अर्धा मिनिट लागला असता. मीही मूर्ख, श्लोकावर वाद घालत बसले आणि वकिलाकडे गेले नाही. आई मरेपर्यंत बाजारातून नारळ विकत आणायची, स्वतःच्या कुळागराच्या रस्त्यावरून चालत. एक फुकट सल्ला: चवथीला, दिवाळीला, बाराव्याला, घरात माणसं जमलेली असताना कुठल्याच कागदावर सही करू नका.)

तर मुलीच्या प्रश्नाकडे. माझं मत, पटलं तर घ्या. "त्या काळाच्या संदर्भात बघा" हे वाक्य लोक दोन तऱ्हेने वापरतात. एक, विषय बंद करायला. त्या काळी तसंच होतं गो, आता सोड. ते मला चालत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे खरंच संदर्भ बघायचा, आणि त्याला बूड टेकवून वाचावं लागतं. नवव्या अध्यायाचे पहिले वीसेक श्लोक मुलीबरोबर एका बैठकीत वाचा. तिसऱ्यात बाई स्वातंत्र्याला पात्र नाही. सातव्यात कारण येतं, बायकोचं रक्षण म्हणजे आपल्या संततीचं आणि कुळाचं रक्षण. म्हणजे भीती कसली आहे ते कळलं ना, वारस आपलाच आहे याची खात्री! मग दहाव्यात कबुली की जबरदस्तीने बाईला कोणी राखू शकत नाही. अकराव्यात पैसे जमवणं आणि खर्च करणं तिच्याकडे द्या. बाराव्यात, घरात कोंडलेल्या बायका सुरक्षित नसतात, ज्या स्वतः स्वतःला राखतात त्याच सुरक्षित. वाचताना वाटतं अरे वा, आणि लगेच चौदा-पंधरापासून बायकांच्या स्वभावाबद्दल इतकं घाण लिहिलंय की पुस्तक मिटावंसं वाटतं.

म्हणून मनू मुळात चांगलाच होता, लोकांनी त्याला बदनाम केला, असं मी म्हणत नाही, आणि कोणी म्हणालं तर मला फार राग येतो. आठव्या अध्यायात ४१६ वा आहे, बायको, मुलगा आणि दास यांना स्वतःचं धन नाही, ते कमावतील ते मालकाचं. नवव्यात ८१ वा, मूल नाही तर आठव्या वर्षी दुसरी बायको करा, मुलं जगत नसतील तर दहाव्या, मुलीच होत असतील तर अकराव्या, आणि उलट बोलणारी असेल तर ताबडतोब. आणि हे जुनंपानं नाही हो, पोर्तुगीजांनी १८८० मध्ये गोव्यातल्या हिंदूंच्या रीतिरिवाजांची जी संहिता केली तिच्यात बायको २५ ची होईपर्यंत मूल नसेल, किंवा ३० पूर्ण होऊन मुलगा नसेल, तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची वाट ठेवली होती. मला ती कलमं वाचताना हाच ८१ वा आठवला. डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली ती उगीच नाही. मुलीने उद्या सगळं वाचून सांगितलं की मला हे नको, तर तेही उत्तर बरोबरच आहे, पण वाचून म्हणू दे.

अजून एक, ग्रंथात लिहिलंय म्हणजे सगळे तसेच वागत होते असं धरू नका. साधारण मनुस्मृतीच्याच शतकांत आपल्या बाजूला सातवाहन राजे होते. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई, नातू राज्यावर असताना लेणं दान देते, स्वतःच्या नावाने. राणी होती म्हणून, हे कबूल. पण मग "न स्त्री" सगळ्यांना सारखं लागू नव्हतं हेही कबूल करा. आणि नियमही एका जागी थांबला नाही. मनूनंतरचा स्मृतिकार याज्ञवल्क्य मुलगा नसलेल्या माणसाचे वारस सांगताना सुरुवातच "पत्नी दुहितरश्चैव" अशी करतो, पहिली बायको, मग मुली. त्यावर इसवी सन ११०० च्या आसपास विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या दरबारात मिताक्षरा हे भाष्य लिहिलं आणि विधवेची बाजू बरीच लावून धरली. त्याच विक्रमादित्याची मुलगी मैळलदेवी आपल्या गोव्याच्या कदंब जयकेशीला दिलेली, म्हणजे हे काही लांबचं नाही. आम्हाला भाऊ नव्हता. काकांना मनूचा एक श्लोक पाठ, पण आमच्यासारख्या घरासाठीच लिहिलेला हा श्लोक काही त्यांच्या तोंडी आला नाही.

तुमच्या शेजारच्या मैत्रिणीने म्हटलं ना की आमच्या बायबलातही आहे, ते खरं आहे. माझी शेजारीण मारिया (नाव बदललंय) आणि मी एकदा लेवीय पुस्तकाचा बारावा अध्याय वाचत बसलो, मुलगा झाला तर बाळंतीण ४० दिवस अशुद्ध, मुलगी झाली तर ८०. ती म्हणाली तुमच्या सुयेरापेक्षा (बाळंतपणाच्या सोयरापेक्षा) आमचं वाईट, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. पण तिनेच मला बायबलातल्याच गणना पुस्तकाचा २७ वा अध्याय दाखवला. सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून विचारतात, बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव पुसायचं का, आम्हाला वाटा द्या. आणि नियम बदलतो! लगेच ३६ व्या अध्यायात आडकाठी येते, की लग्न आपल्याच वंशात करा म्हणजे जमीन बाहेर जाणार नाही. जमीन, सगळीकडे जमीन. पाच बहिणी उभ्या राहिल्या, आम्ही दोघी होतो आणि सही केली.

वाचायचं असेल तर फॉरवर्डवर विसंबू नका, ज्या श्लोकाखाली अध्याय आणि आकडा नाही तो खरा धरू नका. वेगवेगळ्या प्रतींत आकडा एकदोनाने मागेपुढे होतो, तेवढ्याने गोंधळू नका. पणजीला पाट्यावरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून दोन वेगळी भाषांतरं समोरासमोर ठेवा, एकच घेतलंत तर भाषांतरकाराने टीकाकाराचं म्हणणं कुठे मूळ श्लोकात मिसळलंय ते कळत नाही. मी असल्याच एका पातळ पुस्तकावरून शाळेच्या मासिकात लेख लिहून बसले होते, ती लाज वेगळी.

आणि दिराला ग्रुपवर उत्तर देऊच नका असं मला वाटतं. द्यायचंच असेल तर नुसतं "नऊ-चार पण टाका भावजी" एवढं लिहा आणि गप्प बसा, तो शोधत बसेल. सासूबाईंच्या नावावर काय काय आहे ते मात्र या चवथीआधी एकदा बघून घ्या.

तुमच्याकडे कुठली प्रत आहे ते कळवा, माझ्या प्रतीशी आकडे जुळवून देते. रविवारनंतर, सध्या नातू आलाय आणि चष्मा त्याच्याकडे असतो.