सासरे इंजिनियर होते, गावात समाजकार्यही करायचे. शोकसभेत पाच मिनिटं काय बोलू?

पदांची यादी वाचू नका. ती तुमच्या आधी पंच वाचतील, मग देवस्थान समितीचे अध्यक्ष वाचतील, मग वाचनालयाचे सचिव, आणि प्रत्येकाला वाटेल की आपणच पहिल्यांदा सांगतोय. तुम्ही सून आहात. त्यांना सकाळी सहा वाजता, चहाच्या आधी पाहिलेल्या माणसांपैकी आहात. त्यातलं बोला.

खरं तर मी उत्तर लिहिणार नव्हते. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘त्यांनी घराकडे न बघता आयुष्यभर गावासाठी काम केलं, हे चांगल्या शब्दांत कसं मांडू?’ तिथे मात्र राहवेना. हे वाक्य खरं आहे का, ते आधी सासूबाईंना विचारलंत का?

माझे बाबा पाणीपुरवठ्यात सिव्हिल इंजिनियर. गोव्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ साली सुरू झालं, त्याच्या सुरवातीच्या तुकड्यांतले. नोकरीचा मोठा काळ ओप्याला गेला. (गोव्याबाहेरच्यांसाठी: खांडेपार नदीचं पाणी ओपा इथे शुद्ध होऊन फोंडा आणि तिसवाडीला जातं. पणजीत नळ सोडला की येतं ते हेच.) त्यांची शोकसभा आमच्या गावच्या देवळाच्या सभागृहात झाली. नात्यातले एक काका उभे राहिले आणि म्हणाले, “घरादारावर तुळशीपत्र ठेवून त्यांनी गावाचा संसार केला.” सगळ्यांच्या माना डोलल्या. आई पहिल्या रांगेत होती. ती माझ्याकडे झुकून म्हणाली, “मग चवथीला माटोळी कोण बांधत होतं, हे काका?”

(माटोळी म्हणजे गणेश चतुर्थीला मूर्तीच्या वर टांगायची, फळं-फुलं बांधलेली लाकडी चौकट.) ती बाबाच बांधायचे, आणि इंजिनियरसारखीच बांधायचे. पाणी भरलेली प्लास्टिकची नळी घेऊन एक टोक माझ्या हातात, एक भावाच्या. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं की चौकट सरळ. एका बाजूला सुपारीचा घोस जड झाला की दुसऱ्या बाजूला नारळ, तोरिंगण, जे हाताला लागेल ते. भटजी येऊन बसलेले, आई आतून हाका मारतेय, आणि हा माणूस स्टुलावर उभा राहून म्हणतोय, “डावीकडे अर्धा इंच खाली आहे.” असा माणूस घराकडे बघत नव्हता म्हणे.

आता गावाचं सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ मुख्य जलवाहिन्या फुटल्या आणि तिसवाडी-फोंड्यात कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं. चवथ तोंडावर आलेली. बाबा तेव्हा निवृत्त. आमच्या परसात जुनी विहीर आहे, तिचा वापर जवळजवळ बंद झाला होता. बाबांनी दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजली, विहिरीचा व्यास घेतला आणि कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला. किती हजार लिटर पाणी, आणि हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी तेवढं विहिरीत सोडायचं आणि तासभर कुणी कळशी टाकायची नाही. लोक ताटकळले होते, कुरकुरत होते. बाबा घड्याळ हातात घेऊन काठावर बसून राहिले.

मग पाण्याची पाळी लागली. यादी आईने केली. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण म्हातारं एकटं आहे, हे तिला माहीत होतं, बाबांना नव्हतं. रहाट भाऊ ओढत होता. मी कळश्या मोजत होते. यात घरावर तुळशीपत्र कुठे ठेवलं गेलं ते मला आजवर कळलेलं नाही. अख्खं घरच तिथे विहिरीवर होतं!

आणि त्या दिवसांत, विहिरीला पंप लावून पाणी थेट स्वतःच्या गच्चीवरच्या टाकीत ओढायची परवानगी मागणारे कोण, तर हेच काका. बाबांनी नाही म्हटलं. एवढंच.

शोकसभेत काकांनंतर मी उठले, माईक मागून घेतला आणि माटोळी व विहीर दोन्ही सांगितलं. पंपाचं तेवढं वगळलं.

तुमच्या प्रश्नाकडे येते. सासऱ्यांनी केलेलं एकच काम निवडा आणि ते नेमकं कसं केलं ते सांगा. ‘कर्तव्यदक्ष’ वगैरे मृत्युवार्तेत छापून आलंच असेल. माहिती साहेबलोकांकडे मागू नका, त्यांच्या हाताखालच्या माणसांकडे मागा: लाइनमन, फिटर, मिस्त्री. बाबांच्या एका जुन्या फिटरकडून मला कळलं की गळती शोधायला ते रात्री उशिरा निघायचे, कारण रहदारी थांबल्यावरच आवाज लागतो. व्हॉल्ववर लोखंडी सळई टेकवायची आणि दुसरं टोक कानाला. आम्हाला घरी एवढंच माहीत होतं की बाबा रात्री जातात आणि सकाळी पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, आधी परत येतात.

लिहून न्या. पाच मिनिटांत पाचशेच्या आसपास शब्द बसतात, रडू आलं तर त्याहून कमी. घरात कोंकणी बोलत असाल आणि व्यासपीठावरचे सगळे मराठीतून बोलणार असतील तर लाजू नका, घरचं वाक्य घरच्याच भाषेत येऊ द्या. आमच्या भागात कुणाला ते खटकत नाही. जमलं तर आधीच नंबर लावा, आमदार आले की वेळ संपते.

एक मात्र आहे. तुमच्या सासऱ्यांनी खरंच घराकडे पाठ फिरवली असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. तेव्हा त्याचा गौरव करू नका आणि खोटंही बोलू नका, कामाबद्दल बोलून खाली बसा. मी एका घराबद्दल सांगतेय, तुमचं मला माहीत नाही.

काकांचं म्हणणं अजून तेच आहे की शोकसभेत मी घरगुती गोष्टी काढल्या. काढल्याच. सासूबाईंना स्वतःला दोन शब्द बोलायचेत का, तेही विचारून घ्या. आमच्याकडे आईला कुणी विचारलं नव्हतं.