कोकणात ६ आणि ९ वर्षांची मुलं आणि पासष्टीची आई यांना घेऊन जंगलातला सोपा ट्रेक कुठे करता येईल?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे, “आईचे गुडघे दुखतात, गड असेल तर ती पायथ्याशी गाडीत थांबेल.” आधी ती ओळ खोडा, मग ठिकाणांचं बोलू. आईला गाडीतच बसवायचं असेल तर तिला महामार्गाचे खड्डे कशाला खायला लावता? घरी सुखात राहील ती.

आता ठिकाणं. मुंबई-पनवेलकडून येणार असाल तर कर्नाळा. १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य आहे आणि महामार्गाला लागूनच आहे. किल्ल्याच्या सुळक्याचा हट्ट धरू नका, तिथे मधमाश्यांची पोळी असतात. खालच्या निसर्गवाटांवर सकाळी सकाळी फिरा, तेवढ्यात मुलांचं पोट भरतं. अलिबाग-मुरूडकडे जाणार असाल तर फणसाड. जंजिऱ्याच्या नबाबाचं हे शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. चढ फारसा नाही, सावली भरपूर, आणि शांत राहिलात तर शेकरू दिसायची बरीच शक्यता. संगमेश्वर तालुक्यात मार्लेश्वर आहे, पण त्याला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत. गुडघेवाल्या माणसाला डोंगरवाट परवडते, पायऱ्या नाही. संक्रांतीला तर तिथे मुळीच जाऊ नका, देवाच्या लग्नाची जत्रा असते, पाय ठेवायला जागा मिळत नाही.

गडच हवा असेल तर खेड तालुक्यातला रसाळगड. रसाळ, सुमार आणि महिपत हे तिघे एका रांगेत आहेत. सुमारगड मुलांना घेऊन करायचा नाही, कोणी कितीही सांगो. रसाळगडाच्या मात्र बरंच जवळ गाडी जाते. चढ थोडका, वर झोलाईचं देऊळ आणि तोफा, खाली जगबुडीचं खोरं.

याच रसाळगडाखाली माझ्या सासूबाईंना गाडीत बसवून ठेवलं होतं, म्हणून तुमची ओळ मला लागली.

माझे दीर दर रविवारी सह्याद्रीत असतात. दोर, हेल्मेट, सगळं घरात खुंटीला टांगलेलं. दिवाळीत सगळे गावी जमलो होतो, तेव्हा बेत त्यांनीच आखला. पायथ्याशी गाडी लावली आणि म्हणाले, “आई, तुझ्याने नाही व्हायचं. काच खाली करून बस, आम्ही आलोच.” मी थांबते म्हटलं तर आईंनीच मला पिटाळलं, “जा गो तू, पोरीचा हात धर.” वर सगळा वेळ भावोजींची घाई. मुलं तोफेला हात लावून बघायला थांबली की “चला, चला.” त्यांचा मुलगा तेव्हा पहिलीत होता. तो दुसऱ्या वळणावरच रडकुंडीला आला, तर म्हणे असंच कणखर होतात. खाली आलो तेव्हा आई जशा सोडून गेलो होतो तशाच बसलेल्या. समोरच्या वाटेने वाडीतल्या बायका लाकडाचे भारे घेऊन उतरत होत्या, त्यातल्या दोघी-तिघी तरी आईंपेक्षा वयाने मोठ्या. आई त्यांच्याकडेच बघत होत्या. मला एवढंच विचारलं, “झोलाईला नारळ दिलात ना?” दिला नव्हता. वेळ नव्हता.

त्या रात्री ओटीवर भावोजींशी माझं वाजलं. “वहिनी, डोंगर म्हणजे पिकनिक नव्हे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी म्हटलं, पुढच्या खेपेला बेत मी करणार आणि पुढे आई चालणार.

आईंचं माहेर आमच्या वाडीपासून एका खिंडीपलीकडे. आता गाडीने लांबचा वळसा घालून जातात, पण पूर्वी सगळे पाखाडीनेच, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या जुन्या पायवाटेनेच जात. मी डिसेंबर निवडला. भातं झोडून झालेली असतात, वाटेवरचं गवत कापलेलं असतं आणि पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, अजून पाणी असतं. सकाळी नाचणीच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधली आणि निघालो. भावोजीही आले, मोठी सॅक घेऊन.

आमची पाखाडी जांभ्याच्या चिऱ्यांची आहे. तिची पायरी एकदा नीट बघा. बुटकी, रुंद, कडेने झिजून गोल झालेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, अशा बायकांनी चढायची म्हणून ती तशी बसवलेली आहे. एका पायरीवर दोन पावलं पडतात, गुडघा फारसा वाकवावा लागत नाही. जिथे चढ लागतो तिथे वाट वळण घेते, आणि वळणावर गडग्याला टेकून दम खायला जागा असते. आई त्या वाटेने एका हातात काठी घेऊन अशा चालल्या की सॅकवाले मागे राहिले. त्यांचा वेग कमी होता, पण त्या थांबतच नव्हत्या. मुलं धावायची, थांबायची, परत धावायची. त्यांचा आणि आजीचा मेळ आपोआप बसला.

पऱ्याशी मुलं कुर्ल्या शोधायला लागली. तिथे आईंनी त्यांना दगड कसा उचलायचा ते शिकवलं. पलीकडची कड काठीने वर करून दगड आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली विंचू निघाला तर त्याच्या आणि आपल्या मध्ये दगड राहतो. बघून झालं की दगड होता तसा परत ठेवायचा, कारण ते कोणाचं तरी घर आहे. दोन्ही मुलांनी तो अख्खा दिवस एकही दगड हाताने उचलला नाही. इतकी वर्षं डोंगरात फिरणाऱ्या भावोजींनाही ही युक्ती ठाऊक नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पुढे साकव ओलांडला की देवराई लागते. आईंनी सगळ्यांना चपला-बूट बाहेर काढायला लावले. आत एकदम गारवा. बेहड्याची आणि वडाची झाडं अशी की चौघांच्या हातात बुंधा मावत नाही. वर उंबरावर ककणेरांची, म्हणजे धनेश पक्ष्यांची जोडी होती. मान वर करून बघायच्या आत ती उडाली, आणि तो पंखांचा आवाज ऐकून माझी मुलगी आजीला चिकटली. आई म्हणाल्या, लहानपणी इथे आल्या की त्या पक्ष्यांवरून कळायचं उंबर पिकलाय की नाही. खिंडीत पोचल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पलीकडच्या खोऱ्यात बोटाने एकेक कौलारू घर दाखवलं, कोण कुठे राहायचं, कोणाच्या विहिरीला पाणी गोड. दुपारी जेवायला माहेरी. परत येताना मात्र त्यांना गाडीने आणलं. उताराने गुडघे जास्त दुखतात, आणि तेवढं समजून घेणं हेच तर बेत करणाऱ्याचं काम.

भावोजींचं त्यावर म्हणणं, “छान झालं, पण याला ट्रेक नाही म्हणत.” नका म्हणू. दरी, जंगल, पऱ्या, खिंड, सगळं त्यात होतं. घरातलं एकही माणूस गाडीत बसलं नव्हतं आणि त्यांचाच मुलगा परत कधी जायचं म्हणून विचारत होता. ज्याला घड्याळ लावून चढायचंय त्याने आपल्या ग्रुपबरोबर जावं, कोणी अडवलंय? घरच्यांना घेऊन जाताना वाट सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पायाने निवडायची.

म्हणून तुम्हाला माझा खरा सल्ला हा की गड सोडा आणि पाखाडी धरा. चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, कुठल्याही गावी घरगुती राहायची सोय बघा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पूर्वी बाजाराला कुठून जायचात? शाळेला कुठून? ती वाट बहुतेक अजून असते. नेटवर सापडणार नाही. वाडीतला कोणीतरी बरोबर घ्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे मनापासून द्या. घाई करा मात्र, कारण गावोगाव या पाखाड्या उखडून सिमेंटच्या पायऱ्या ओततायत. उंच, अरुंद आणि पावसात निसरड्या. हा विकास माझ्या डोक्यात जातो.

दम असेल तर रत्नागिरी-राजापूरकडे एखादा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठारही जोडा. उक्षी आणि कशेळीला जांभ्यात कोरलेले हत्ती आहेत, मुलं वेडी होतात. पण सड्यावर सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी घेऊनच जा.

आता धोक्याचं. कातळावर फुरसं असतं. लहान, दगडाच्या रंगाचं, पटकन दिसत नाही. पायात बूट हवेत, काठी आपटत चाला. चावलंच तर बांधाबांध, कापाकापी न करता सरळ ग्रामीण रुग्णालयात, प्रतिसर्पविष हाच उपाय. पावसाळ्यात मुलांना घेऊन पऱ्यात किंवा धबधब्याखाली उतरू नका, वर डोंगरात पाऊस पडला की खाली पाणी क्षणात चढतं. दोडामार्ग-सावंतवाडी भागात जानेवारी ते मे माकडतापाची भीती असते. तो गोचिडीतून येतो, त्यामुळे त्या महिन्यांत तिकडच्या जंगलात मुलांना नेऊ नका. तुमच्या आईच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, माझ्या सासूबाईंना चालायची सवय होती हे खरं.

नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीतच येणार असाल तर उजाडताच निघा, करवंदं खात खात नऊच्या आत परत या, नंतरचा उकाडा चालू देत नाही.