रांगेत घुसणारा किती सेकंद वाचवतो?

(या सदरात उत्तरं देणाऱ्या ताई पूर्वी स्की लिफ्टवर ऑपरेटर होत्या, आता स्कीइंग शिकवतात. या वेळी सगळी पत्रं रांगेबद्दलचीच निवडली आहेत.)

ताई, सुट्टीच्या आठवड्यात आल्प्समध्ये गेलो होतो. सहा-सहा जणांना तारेवरच्या खुर्चीत बसवून डोंगरावर नेणाऱ्या चेअरलिफ्टखाली रांग अशी नव्हतीच, नुसता घोळका. एक गृहस्थ दर वेळी माझ्या स्कीवर स्वतःची स्की चढवून पुढे सरकायचे. माझ्या नव्या कोऱ्या स्कीवर ओरखडे उठले. अशा वेळी बोलावं की गप्प बसावं? आणि बोलायचं तर काय?
— ओरखड्यांचा धनी

बोलावं की! फक्त त्याआधी एक बघून घ्या, माणूस घुसतोय की घसरतोय. लिफ्टच्या तोंडाशी जमीन पुष्कळदा गेटच्या दिशेने किंचित उतरती असते आणि शिकाऊ माणसाला तेवढा उतारही पुरतो. त्याची नजर स्वतःच्या पायांवर असते आणि तुमच्या स्कीवर चढला की तो आधी माफी मागतो. त्याला रागावू नका, स्की उताराला आडवी करून उभं राहायला सांगा. स्नोबोर्डवाल्याचा एक पाय मोकळा आणि दुसरा रुंद फळीला बांधलेला. त्याच्या फळीचं टोक तुमच्या स्कीच्या शेपटीवर आलं म्हणजे दर वेळी लबाडीच असते असं नाही.

घुसणाऱ्याची नजर मात्र गेटवर. लिफ्टवर असताना मी लोकांच्या तोंडाकडे बघणं सोडूनच दिलं होतं. हेल्मेट आणि गॉगलमागे तोंड दिसतं कुठे? मी स्कीची टोकं बघायची. आधी एक टोक शेजाऱ्याच्या दोन स्कींमधल्या फटीत जातं, मग गुडघा, मग खांदा, आणि क्षणात गृहस्थ डोंगराची शोभा बघत शेजाऱ्याच्या पुढे उभे. घाई दिसू न देण्याची ही कला काही जणांनी फार मेहनतीने कमावलेली असते.

तुम्ही जे पाहिलंत त्यात माणसाच्या स्वभावाइतकाच जागेच्या मांडणीचाही हात आहे. आल्प्समध्ये बऱ्याच जुन्या लिफ्टखाली मोठं मोकळं पटांगण असतं आणि ते गेटापाशी नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं. कोण आधी आलं याची खूण कुठेच नाही, मग जो सरकेल तो पुढे. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या ठिकाणी दोऱ्या बांधून गल्ल्या पाडलेल्या असतात आणि दोन गल्ल्या जिथे मिळतात तिथे एक गट इकडचा, एक तिकडचा असं आळीपाळीने सोडतात. गर्दीच्या दिवशी तिथे एक माणूस फक्त हात दाखवायला उभा असतो. तीच माणसं या मांडणीत शहाण्यासारखी वागतात आणि पटांगणात आली की रेटारेटी करतात, म्हणून 'अमुक देशाचे लोक उद्धट' हे मला फारसं पटत नाही.

आता तुमच्या गृहस्थांचा हिशोब मांडू. समजा, सहा जणांची खुर्ची दर सहा सेकंदांनी निघते. म्हणजे तासाला 600 खुर्च्या आणि 3600 माणसं. ते तीस जणांच्या पुढे घुसले तर पाच खुर्च्या वाचल्या, म्हणजे अर्धा मिनिट. एवढ्यासाठी इतक्यांच्या स्की तुडवायच्या, आणि वर गेल्यावर मागे राहिलेल्या मित्रांची वाट बघत उभं राहायचं! खरा वेळ कुठे जातो बघा. त्याच खुर्च्या सहाऐवजी चार-चार माणसं घेऊन निघाल्या तर तासाला 2400च माणसं जातात. रांगेत 600 जण असतील तर शेवटच्या माणसाला दहा मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं थांबावं लागतं. बसताना कोणी पडलं आणि लिफ्ट अर्धा मिनिट थांबली तर पाच खुर्च्या, म्हणजे तीस जागा गेल्या. घुसणाऱ्यावर सगळे चिडतात. रिकाम्या जागा घेऊन वर जाणाऱ्या खुर्चीकडे मात्र कोणी मान वर करूनही बघत नाही. मला जास्त राग तिचा येतो.

तरी स्की तुडवणं ते तुडवणंच. एकच वाक्य बोला, हसत आणि मोठ्याने: "माझ्या स्कीवर उभे आहात तुम्ही." भाषण नको, त्यांच्या संस्कारांचा उद्धार नको. निम्मे लोक तेवढ्यानेच मागे सरतात, कारण आजूबाजूचे वळून बघतात. उभं राहताना स्की खांद्यांइतक्या अंतरावर ठेवा आणि पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, बुटांच्या जरा बाहेर टेकवा. तेवढी जागा तुमच्या हक्काची आहे. पोल आडवा धरून वाट अडवू नका, त्यात कोणीतरी पडतं आणि दोष तुमच्यावर येतो. इतकं करूनही तो ऐकत नसेल तर लिफ्टवाल्याला सांगा. त्याला रांगेच्या शेवटी पाठवायला आम्हाला काही वाटत नाही, आणि बहुतेक ठिकाणी बेशिस्तीबद्दल पास काढून घ्यायचा अधिकारही पासाच्या अटींत लिहिलेला असतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची 1967पासूनची दहा कलमी आचारसंहिता पुष्कळ जण पुढे करतात. ती उतारावरच्या वागण्याची आहे. रांगेला त्यातलं पहिलंच कलम लागू करता येईल फार तर: दुसऱ्याला धोका किंवा इजा होईल असं वागू नये.

ओरखड्यांचं म्हणाल तर स्कीच्या खालच्या कडा पोलादी असतात. त्या दुसऱ्याच्या स्कीच्या पाठीवरून गेल्या की करकर आवाज होतो आणि रंगाची बारीक सालपटं निघतात. बघवत नाही, पण त्याने स्कीची चाल बिघडत नाही. कडेपाशी वरचा थर उचकटला असेल तर मात्र पाणी आत शिरण्याआधी दुकानात नेऊन चिकटवून घ्या.

ताई, आम्ही चौघं मित्र. मी पुढे जाऊन नंबर धरला, बाकीचे तिघं नंतर दोरीखालून आले, तर मागचा माणूस जाम चिडला. आमचं काय चुकलं? आणि एकेकट्यांसाठीच्या सिंगल्सच्या रांगेतून दोघादोघांनी जाऊन पुढे एकत्र बसलं तर चालतं ना?
— वय वर्षं एकोणीस

नाही चालत, दोन्ही नाही. आता कारण ऐक. तुझ्या एकट्याचा नंबर होता, तू चौघांचा करून टाकलास. मागच्याने एक माणूस मोजून उभं राहायचं ठरवलं होतं. मित्र मागे असतील तर तू मागे जा. रांगेतल्यांना 'पुढे जा' म्हणत बाजूला थांब, ते तिघं तुझ्यापर्यंत पोचले की चौघं मिळून सरका. यावर आजवर कोणी चिडलेलं मी पाहिलेलं नाही. लहान मूल आणि आई किंवा बाबा यांची ताटातूट झाली असेल तर गोष्ट वेगळी. मुलाने एकट्याने चेअरलिफ्टवर बसता कामा नये, म्हणून तिथे सगळ्यांनी वाट द्यावी.

सिंगल्सची रांग म्हणजे खुर्चीतली भोकं बुजवायची सोय. 1936 साली अमेरिकेत सन व्हॅलीला पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली ती एकेका माणसाच्या खुर्चीची होती. जहाजावर केळीचे घड चढवायच्या यंत्रावरून ती कल्पना सुचली होती, जेम्स करन या इंजिनियरला. तेव्हा सगळेच सिंगल! आता आठ-आठ जणांच्या खुर्च्या आहेत आणि पाच जणांचा गट आला की तीन जागा उरतात. त्या तीन जागांसाठी एकेकटी माणसं हाताशी हवीत. ही रांग भराभर सरकते ती याच अटीवर की तू कुठल्याही खुर्चीत, कोणाच्याही शेजारी बसशील. "आम्हाला एकत्रच बसायचंय" म्हणून तुम्ही दोघं गेटापाशी अडून बसलात की ती रांगही थांबते आणि मोठीही. स्वतंत्र जा, वर भेटा.

एक मात्र बिनधास्त कर. समोरच्या खुर्चीत जागा रिकामी राहतेय असं दिसलं तर हात वर करून विचार, "एक जण येऊ का?" याला घुसणं म्हणत नाहीत. वेळेत विचार मात्र. खुर्ची गुडघ्याला लागायच्या बेतात असताना धावत येशील तर पडशील, आणि मग त्या तीस जागा तुझ्या नावावर.

स्की स्कूलची पोरं वेगळ्या गेटने सरळ पुढे जातात. पैसे आम्हीही भरले आहेत. हे घुसणं नाही का?
— तिसऱ्या रांगेतली

नाही. पुष्कळ ठिकाणी त्यांना ती वाट लिफ्ट कंपनीनेच दिलेली असते. एका शिक्षकाच्या मागे आठ-दहा चिमुरडी असतात. त्यांना त्या नरसाळ्यात मोठ्यांच्या कोपरांच्या उंचीवर उभं करू का? उलट तुम्हालाच एक काम सांगते. शिक्षक विचारेल, "या मुलीला शेजारी बसवून नेता का?" तयारी असेल तर हो म्हणा, तिला मागे टेकून बसू द्या आणि खुर्चीचा सुरक्षेचा बार लगेच खाली घ्या. भीती वाटत असेल तर स्पष्ट नाही म्हणा, शिक्षक दुसरं कोणी शोधेल. बचाव पथकाची माणसं पुढे गेली तर मात्र काही विचारूच नका.

टी-बारला, म्हणजे उलट्या T सारख्या दांड्याने दोघांना उभ्याउभ्या वर ओढणाऱ्या लिफ्टला, मागचा अनोळखी माणूस न विचारता माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मला एकटीने जायचं होतं.
— एकटी बरी

त्याने विचारायला हवं होतं, पण शेजारी येण्यात त्याचं चुकलं नाही. 1934 साली स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या बोल्गेन उतारावर अर्न्स्ट कॉन्स्टाम यांची माणसं ओढून नेणारी लिफ्ट सुरू झाली तेव्हा एकेकालाच ओढणारे आकडे होते. दोघांचा टी नंतर आला, तो दुप्पट माणसं नेण्यासाठीच. गर्दी नसेल तर एकटीने जायला कोणाची हरकत नसते. गर्दी असेल तर जोडी करायची, जमल्यास आपल्या उंचीच्या माणसाशी, नाहीतर एकाच्या मांडीखाली आणि दुसऱ्याच्या कमरेला अशी बारची गत होते. बारवर बसू नका, तो फक्त मागून ढकलतो. वर बार कोण सोडणार ते निघतानाच ठरवा, आणि सुटलात की लगेच बाजूला व्हा, पुढची जोडी मागून येतच असते.