वाड्यातली जुनी सागवानी खिडकी फ्लॅटच्या भिंतीवर आरसा बसवून लावता येईल का?

हो, येईल, पण आरशाआधी तिच्यावरच्या रंगाकडे बघा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची बरीच शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) सक्तीची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्यामुळे त्याआधीच्या थरांवर भरवसा नको. म्हणून कोरडा पॉलिशपेपर किंवा ग्राइंडर अजिबात मारू नका, ती धूळ लहान मुलांना फार घातक. रिमूव्हर लावून, रंग ओला असतानाच खरवडून घ्या, मास्क लावून आणि घराबाहेर. रंग घट्ट बसलेला असेल तर मी म्हणेन राहू द्या, वरून पारदर्शक थर पुरे. तो फिका पडलेला निळा-हिरवा रंगच तर खरी शोभा! चौकटीच्या सांध्यांत बारीक भुसा दिसला तर कीड आहे, आधी औषध मारा.

फक्त वजनाचा अंदाज घ्या. लोखंडी गजांसकट सागवानी चौकट चांगलीच जड असते. विटांच्या पक्क्या भिंतीत अँकर बोल्ट चालतात, पण जिप्समच्या पार्टिशनवर टांगू नका. तिथे खिडकी जमिनीवर उभी टेकवून वरून क्लॅम्पने बांधलेली बरी.