परोपकार की परार्थ?

अंबाजोगाईच्या एका बाईंनी विचारलंय : बारावीला उत्क्रांती शिकवताना ‘अल्ट्रुइझम’ला, म्हणजे स्वतःचा तोटा सोसून दुसऱ्याचा फायदा करणाऱ्या वागण्याला, परोपकार म्हणावं का? आणि जनुक स्वार्थी, तर मग परोपकार येतो कुठून?

परोपकार नकोच, असं माझं मत. त्या शब्दात करणाऱ्याची नियत आली आणि त्याच्या खाती जमा होणारं पुण्यही आलं. जीवशास्त्र कुणाच्या मनात डोकावत नाही. करणाऱ्याची संतती किती घटली, दुसऱ्याची किती वाढली, एवढंच पाहतं. आग्यामोहळाची कामकरी माशी नांगी मारते, ती नांगी पोटातल्या भागासकट तुटून आपल्या कातडीत राहते आणि माशी मरते. तिला पुण्याचं काय! म्हणून ‘निःस्वार्थ’ही बाद. ‘परार्थ’ बरा; स्वार्थाशी त्याची जोडी जुनी आहे.

‘स्वार्थी’ हे लाक्षणिक अर्थानेच घ्यायचं. ते रूढ झालं जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांच्या ‘द सेल्फिश जीन’ या १९७६ सालच्या पुस्तकामुळे. ज्या जनुकाच्या प्रती पुढच्या पिढ्यांत जास्त उतरतात ते टिकतं, इतकाच त्याचा अर्थ. आणि त्या प्रती नातलगांच्या अंगातही असतात, परार्थ येतो तो इथून.

जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये हे सूत्रात बसवलं : दुसऱ्याचा फायदा गुणिले नात्याचा हिस्सा (म्हणजे नात्यामुळे सामाईक असलेल्या जनुकांचं प्रमाण), हे आपल्या तोट्याहून जास्त भरलं तर परार्थ टिकतो. मुलांना आण्यांत सांगा. आपण स्वतः सोळा आणे, सख्खा भाऊ आठ, पुतण्या चार, चुलतभाऊ दोन. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी जीव द्यायची तयारी आहे, असं जीवशास्त्रज्ञ हाल्डेन त्याआधीच म्हणाले होते म्हणतात. (हे हाल्डेन पुढे भारतातच स्थायिक झाले.) बेरीज करून पाहा, दोन्हीकडे सोळाच.

नातलगांमार्फत परार्थ टिकण्याच्या या प्रक्रियेला इंग्रजीत ‘किन सिलेक्शन’ म्हणतात; त्याला बाईंच्या एका विद्यार्थ्याने ‘भावकीची निवड’ सुचवलंय. पोरगं हुशार आहे, पण शब्द चालायचा नाही. भावकी बापाकडची, मावसभाऊ तिच्यात धरत नाहीत. सूत्रात मात्र मावसभाऊही चुलतभावाइतकाच, दोन आण्यांचा. शिवाय आपल्या मराठवाड्यात भावकी म्हटलं की आधी बांधाचं भांडण आठवतं. ‘आप्तनिवड’ ठीक.

उदाहरणाला बांधावरचे सातभाई पक्षी घ्या. थव्यातले इतर पक्षीही पिल्लांना भरवतात. फक्त मुलांना आधीच सांगून ठेवा, नाव सातभाई असलं तरी ते सातच असतात असं नाही, आणि सगळे भाऊही नसतात.